लेखकांचे यश आणि लहान प्रकाशनसंस्थेची वर्षअखेर : श्रीरामपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : लहान प्रकाशनसंस्था, वाङ्मयीन पुरस्कार, पुनर्मुद्रण, ग्रंथवितरण, श्रीरामपूर

प्रास्ताविक

डिसेंबर महिना उजाडला की मराठी ग्रंथव्यवहारात एक विशिष्ट प्रकारची लगबग सुरू होते. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांमधून सरत्या वर्षातील उल्लेखनीय पुस्तकांचे आढावे येऊ लागतात. साहित्य अकादेमीच्या पुरस्कारांची घोषणा बहुतेक वर्षी याच महिन्यात होत आली आहे. मोठ्या शहरांतील नामांकित प्रकाशनसंस्थांना या लगबगीचे फारसे अप्रूप नसते. त्यांच्या यादीत दरवर्षी कोणी ना कोणी पुरस्कृत लेखक असतोच. तालुक्याच्या गावी राहून वर्षाला मोजकीच पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाची स्थिती निराळी असते. त्याच्या एखाद्या लेखकाला पुरस्कार मिळाला, एखादे पुस्तक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला लागले किंवा एखाद्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली, तर त्याच्या दृष्टीने ती त्या वर्षातील सर्वांत मोठी घटना असते. गावातील वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात मग एक छोटेखानी समारंभ होतो. शाल, श्रीफळ आणि पुस्तकांचा संच देऊन लेखकाचा सत्कार केला जातो. अध्यक्षीय भाषणात प्रकाशकाचा उल्लेख दोन वाक्यांत आटोपतो.

या दोन वाक्यांमागे कोणता व्यवहार उभा असतो, लेखकाच्या यशातील कोणता वाटा प्रकाशकाच्या पदरात पडतो आणि यश मिळाल्यावर त्या पुस्तकाचे पुढे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी श्रीरामपूर आणि भोवतालचा अहमदनगर जिल्हा (२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला) हे क्षेत्र निवडले आहे.

श्रीरामपूर : साखरेच्या मुलखातील अक्षरव्यवहार

श्रीरामपूर हे जुने गाव नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. प्रवराकाठचे मूळ बेलापूर गाव स्थानकापासून काही अंतरावर राहिले आणि स्थानकाभोवती जी वस्ती वाढली ती बेलापूर रोड म्हणून ओळखली जाऊ लागली. हीच वस्ती पुढे श्रीरामपूर झाली. रेल्वेच्या दप्तरी मात्र स्थानकाचे नाव बेलापूर असेच चालत आले. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून आले, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला आणि गाव ऊस, गूळ, साखर व भुसार मालाची मोठी बाजारपेठ बनले. लोणी-प्रवरानगरचा सहकारी साखर कारखानाही याच पट्ट्यातला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा.

अशा मुलखात ग्रंथप्रकाशनाचे काय काम, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकास पडू शकेल. परंतु प्रवरेच्या काठाने पाहत गेले तर हा प्रश्न फारसा टिकत नाही. खाली नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. (प्रकाशकांच्या सभांतून सच्चिदानंदबाबांचे स्मरण व्हावयास हरकत नाही. दुसऱ्याचा शब्द टिकावा म्हणून राबणाऱ्यांपैकी ते एक.) वर संगमनेर येथे पदार्थविज्ञानाचे अध्यापन करीत रंगनाथ पठारे यांनी मराठीतील महत्त्वाचे कादंबरीलेखन केले. प्रवरानगरला तर साखर कारखानदारीच्या परिसरातच पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावाचे साहित्य पुरस्कार नारळी पौर्णिमेला दिले जातात. उसाच्या पैशातून वाङ्मयाचा गौरव करण्याची ही रीत या भागाला नवी नाही.

श्रीरामपूरच्या ग्रंथव्यवहारात ‘शब्दालय’चे नाव अग्रभागी येते. कवयित्री सुमती लांडे यांनी चालविलेल्या या प्रकाशनसंस्थेने, तसेच ‘शब्दालय’ याच नावाच्या दिवाळी अंकाने, तालुक्याच्या गावातून गंभीर साहित्याचे प्रकाशन करता येते हे दाखवून दिले. संपादन, प्रकाशन आणि स्वतःचे काव्यलेखन अशा तिन्ही जबाबदाऱ्या एका व्यक्तीने पेलाव्यात, ही गोष्ट मराठीत अपूर्व नसली तरी विरळ खचितच आहे. त्यातही हे काम एका स्त्रीने, महानगरापासून दूर, वितरणाची कोणतीही आयती साखळी हाताशी नसताना केले, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुरेशा ठळकपणे घेतलेली दिसत नाही.

प्रकाशकाच्या वर्षाचे तीन शेवट

वर्षअखेर म्हणजे नेमकी कोणती, हे लहान प्रकाशकाच्या बाबतीत आधी ठरवावे लागते. पहिली वर्षअखेर दिवाळीची. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष दिवाळीला भरते. ज्या प्रकाशनसंस्थेचा स्वतःचा दिवाळी अंक असतो तिला त्या अंकातून पुढील वर्षांचे लेखक मिळतात. अंकातील दीर्घ कथा पुढे संग्रहात जाते, कवितांचा गुच्छ संग्रहाचे बीज ठरतो. जाहिरातींचे पैसे वेळेवर आले तर त्यातून एखाददुसऱ्या पुस्तकाचा कागद घेता येतो. हे पैसे वेळेवर येतातच असे मात्र नाही.

दुसरी वर्षअखेर डिसेंबरची. ती पुरस्कारांची, आढाव्यांची आणि सत्कारांची. या लेखाचा मुख्य संबंध तिच्याशीच आहे. परंतु प्रकाशकाच्या खतावणीत तिसऱ्या वर्षअखेरीला, म्हणजे ३१ मार्चला, अधिक वजन असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता पावलेली अ, ब, क, ड वर्गांची दहा हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांना शासनाचे अनुदान हप्त्यांनी मिळते आणि पुस्तकखरेदीचा बराचसा भाग आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात येऊन पडतो. डिसेंबरात जाहीर झालेल्या पुरस्काराचा लाभ प्रकाशकाला व्हावयाचा असेल तर तो मुख्यतः जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत होतो. त्या तिमाहीत पुस्तक छापील आणि बांधील स्वरूपात उपलब्ध नसेल, तर ग्रंथपाल त्या रकमेत दुसरे काही घेऊन मोकळा होतो. पुढच्या वर्षी कोणी त्या पुस्तकाची आठवण काढीलच याची शाश्वती नसते.

डिसेंबरमधील सत्काराकडे केवळ हौस म्हणून पाहणे अपुरे आहे ते यामुळेच. मोठ्या संस्थेजवळ स्वतःची विक्रीकेंद्रे, फिरते प्रतिनिधी, घरचे नियतकालिक आणि परीक्षणांची हमी असते. लहान प्रकाशकाजवळ यांतले काही नसते. लेखकाचा जाहीर गौरव हीच त्याची जाहिरात, तोच त्याचा सूचिग्रंथ आणि तीच दुसऱ्या लेखकांना दिलेली ग्वाही. समारंभाच्या टेबलावर मांडलेल्या प्रतींपैकी किती खपल्या हे त्या संध्याकाळी त्याला जितके कळते तितके एरवी महिनोन्महिने कळत नाही. कारण विक्रेत्याकडे उधारीवर गेलेल्या प्रतींचा हिशेब येण्यास अनेकदा वर्ष लोटते.

पुरस्कार कोणाचा आणि कोणत्या पुस्तकाचा

साहित्य अकादेमीचा पुरस्कार १९५५ पासून दिला जातो. मराठीतील पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाचा. हा ग्रंथ १९५१ मध्ये वाईच्या प्राज्ञपाठशाळेने प्रकाशित केला होता. मराठीतील पहिला अकादेमी पुरस्कार एका लहान गावातील संस्थेने काढलेल्या ग्रंथाला मिळाला, ही बाब ग्रामीण भागातील प्रकाशकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुरस्काराची रक्कम आणि ताम्रपट लेखकाचे असतात. त्यात प्रकाशकाचा वाटा नसतो आणि तसा तो असावा असेही कोणी म्हणत नाही. प्रकाशनकर्माचा स्वतंत्र गौरव महाराष्ट्र शासनाच्या श्री. पु. भागवत पुरस्काराने होतो. परंतु तो संस्थेच्या एकूण कार्याचा गौरव आहे, एका पुस्तकाचा नव्हे.

येथे नियमांतील एक तपशील पाहिला पाहिजे, कारण लहान प्रकाशकाच्या दृष्टीने सगळी अडचण त्यातच आहे. अकादेमी ज्या वर्षाचा पुरस्कार देते त्याच्या लगतचे मागील वर्ष वगळून त्याआधीच्या पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली जातात. उदाहरणार्थ, २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळातील पुस्तके पात्र होती. म्हणजे पुरस्कार मिळतो तेव्हा पुस्तक किमान दोन वर्षांचे आणि कमाल जवळजवळ सात वर्षांचे असते. वर्षअखेरीस ज्या यशाचा सोहळा होतो ते यश त्या वर्षाचे नसतेच. ते काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयाचे आणि दरम्यानच्या काळात पुस्तक जिवंत ठेवण्यासाठी केलेल्या खटाटोपाचे फळ असते.

अहमदनगर जिल्ह्यापुरते पाहिले तरी याची साक्ष मिळते. सदानंद मोरे यांचा ‘तुकाराम दर्शन’ हा बृहद्ग्रंथ १९९६ मध्ये अहमदनगरच्या गाज प्रकाशनाने काढला आणि १९९८ चा अकादेमी पुरस्कार त्याला मिळाला. लगेच पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ या कादंबरीला हा पुरस्कार मिळाला. ती १९९४ मधील. सलग दोन वर्षे मराठीतील हा मान या जिल्ह्याशी नाते असलेल्या ग्रंथांकडे आला. पैकी पहिला ग्रंथ एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संस्थेने छापलेला होता. तुकारामांवरील एवढा विस्तृत व तर्कजड ग्रंथ किती खपेल याचा आधी अंदाज बांधून कोणीही व्यवहारी माणूस त्यात पैसा घालणार नाही. गाज प्रकाशनाने तो घातला. मराठीतील संतसाहित्याच्या अभ्यासाला पुढील काळात जे वळण मिळाले त्यात या धाडसाचा अंश आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मुंबईतील एक उदाहरण याच्या जोडीला ठेवतो, कारण संस्थेचा लहानपणा गावाच्या आकारावर अवलंबून नसतो. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ २००३ मध्ये काढली. २००४ मध्ये कोलटकर गेले आणि २००५ चा अकादेमी पुरस्कार या संग्रहाला मरणोत्तर मिळाला. कवी हयात असताना पुस्तक निघाले याचे सारे श्रेय प्रकाशकाच्या निष्ठेला आहे. पुरस्कारसमितीच्या वेळापत्रकाची वाट पाहत कोणी बसले असते, तर कवीच्या हातात पुस्तकही पडले नसते.

पुरस्कारानंतरचे तीन महिने

पुरस्काराची बातमी आली की प्रकाशकाच्या घरचा दूरध्वनी वाजू लागतो. अभिनंदनाचे पहिले दोन दिवस सरले की ‘पुस्तक कुठे मिळेल’ हा प्रश्न सुरू होतो. पहिली आवृत्ती हजाराची किंवा पाचशेची असेल, तर पाच-सहा वर्षांनंतर दोनपैकी एक अवस्था असते. एकतर प्रती संपलेल्या असतात किंवा न बांधलेले फॉर्म गठ्ठ्यांत पडून असतात आणि त्यांतील काही उंदीर, वाळवी व गळक्या छपराने खाल्लेले असतात.

पुनर्मुद्रणाचे गणित येथे थोडे उलगडून सांगतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फॉर्म सोळा पानांचा धरला तर शहाण्णव पानांच्या कवितासंग्रहाचे सहा फॉर्म होतात. हजार प्रतींना सहा हजार ताव, म्हणजे पाचशे तावांचे एक याप्रमाणे बारा रिमे कागद लागतो. हाच हिशेब आठशे पानांच्या कादंबरीचा मांडला तर पन्नास फॉर्म आणि शंभर रिमे कागद होतो. छपाईत वाया जाणारे ताव, मुखपृष्ठ आणि बांधणी यांचा खर्च वेगळा. कागदाचे पैसे बहुधा आधी मोजावे लागतात. विक्रेत्याकडून येणारी रक्कम तीस-चाळीस टक्के कमिशन वजा होऊन व पुष्कळ उशिराने येते. पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, ही सवलत वाचकाच्या सोयीची आहे. परंतु विक्रीवर कर नसल्यामुळे कागद आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावटही प्रकाशकास मिळत नाही. तो भार किमतीत मिसळतो किंवा प्रकाशकाच्या खिशातून जातो.

मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याचे तंत्र आल्यापासून या कोंडीतून एक वाट निघाली आहे. पन्नास-शंभर प्रती छापून ग्रंथालयाची मागणी भागविता येते. मात्र प्रतीमागे पडणारा खर्च वाढतो आणि जाड पुस्तकाची किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर जाते. बारीक पुस्तकाला हे तंत्र चांगले मानवते, बृहद्ग्रंथाला तितकेसे नाही.

याच टप्प्यावर दुसरी एक गोष्ट घडते. तिची चर्चा समारंभात कोणी करीत नाही. पुरस्कृत लेखकाकडे मोठ्या प्रकाशकाचा निरोप येतो. त्यांची वितरणव्यवस्था सक्षम असते, ते ठरलेले स्वामित्वधन वेळेवर देतात, आणि आपला शब्द अधिक वाचकांपर्यंत जावा असे लेखकाला वाटणे हे पूर्णतः न्याय्य आहे. ‘तुकाराम दर्शन’ची पुढील आवृत्ती पुण्यातून निघाली, ‘कोसला’ देशमुख आणि कंपनीकडून पॉप्युलरकडे गेली. वाचकाच्या बाजूने विचार केला तर यात तक्रारीला जागा नाही, कारण ही पुस्तके उपलब्ध राहिली. परंतु ज्याने पहिला धोका पत्करला त्याच्या यादीतून त्याचे सर्वांत खपाऊ पुस्तक नेमके खपाच्या वेळी जाते. न खपणाऱ्या पुस्तकांचे गठ्ठे मागे उरतात. एका यशस्वी पुस्तकाच्या उत्पन्नावर चार नवोदितांचे संग्रह काढता येतात, हा लहान प्रकाशनाचा जुना हिशेब. तो येथे मोडतो आणि त्याची झळ पुढच्या पिढीच्या अपरिचित कवीला लागते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते. दुसऱ्या पुस्तकाची अडचण तिच्या कक्षेत येत नाही.

उसाच्या भाषेत सांगावयाचे तर पुरस्कार ही पहिली उचल आहे. या भागातील शेतकरी पहिल्या उचलीवर समाधान मानत नाही. अंतिम भाव किती निघाला हे तो हंगाम संपल्यावर विचारतो.

यशाची मोजमापे

सत्काराच्या यादीत आज काय काय समाविष्ट होते, हे पाहणे उद्बोधक आहे. अकादेमीचा अथवा राज्य शासनाचा यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार, जुन्या ग्रंथालयांचे व साहित्यसंस्थांचे पुरस्कार आणि प्रवेशशुल्क घेऊन दिली जाणारी मानचिन्हे हे सर्व अनेकदा एकाच रांगेत छापले जाते. ही सरमिसळ लेखकाचे व प्रकाशकाचे, दोघांचेही नुकसान करते. वाचक अशा यादीवर विश्वास ठेवीनासा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनंतर प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आले आणि ग्रंथक्रमांक असलेल्या पुस्तकांना एकाएकी मोल चढले. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तके काढणाऱ्या संस्थांना त्यातून पुष्कळ काम मिळाले. स्वतंत्र प्रकाशक आणि अशी संस्था यांत भेद करण्याची साधी कसोटी अशी की, पुस्तक न खपल्यास तोटा कोणाचा होतो ते पाहावे.

पुरस्काराखेरीजची काही यशे कमी गाजतात, पण प्रकाशकाला अधिक दूर नेतात. पुस्तक अभ्यासक्रमाला लागले तर दोन-तीन वर्षे मागणी टिकते. अर्थात महाविद्यालयाच्या दारातील छायाप्रतींचे दुकान तिचा मोठा हिस्सा गिळते, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत घडते, हे आम्हा अध्यापकांना नाकारता येणार नाही. अनुवाद झाला तर लेखकाचे नाव दुसऱ्या भाषेत जाते. पुस्तकावर प्रबंध लिहिला गेला तर संदर्भसूचीत प्रकाशनसंस्थेचे आणि गावाचे नाव कायमचे नोंदले जाते. श्रीरामपूर हे नाव साखरेच्या आणि कांद्याच्या बाजारभावांबरोबरच मराठीच्या संदर्भसूचींमध्ये आढळते, हे त्यामुळेच.

या संदर्भात ‘सातपाटील कुलवृत्तांत’ या पठारे यांच्या कादंबरीचा विचार केला पाहिजे. अनेक शतकांचा पट मांडणारी, सुमारे आठशे पानांची ही कादंबरी ‘शब्दालय’ने २०१९ मध्ये प्रकाशित केली. तेव्हा पठारे हे अकादेमी पुरस्कार मिळालेले लेखक होते. अभिजात मराठी भाषा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले होते. (२०१२ मध्ये नेमलेल्या या समितीच्या अहवालाचे फळ मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाले.) असा लेखक आपले सर्वांत मोठे पुस्तक पुण्या-मुंबईतील कोणत्याही प्रकाशकाकडे देऊ शकला असता. ते श्रीरामपूरहून निघाले. लेखक मोठा झाल्यावर संस्था सोडतो, या वर सांगितलेल्या रीतीला हा ठळक अपवाद आहे.

त्यातही एक गोम आहे. एकदा अकादेमी पुरस्कार मिळालेल्या लेखकाचा त्याच पुरस्कारासाठी पुन्हा विचार होत नाही. म्हणजे शंभर रिमे कागदाचा हा पसारा मांडताना डिसेंबरमधील त्या मोठ्या घोषणेची आशा प्रकाशकाला ठेवता येण्यासारखी नव्हती. पुढच्याच वर्षी महामारीमुळे ग्रंथालये व पुस्तकांची दुकाने बंद राहिली. तरीही कादंबरी वाचली गेली, तिच्यावर वाद झाले, मराठा समाजाच्या इतिहासाकडे पाहण्याच्या तिच्या रीतीविषयी अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही प्रकारचे लेखन झाले. या पुस्तकाच्या बाबतीत वर्षअखेरची यादी करावयाची तर तीत त्या वर्षी झालेल्या परीक्षणांची, विद्यापीठांतील चर्चांची आणि शिल्लक प्रतींची नोंद घालावी लागेल.

डिलिव्हरी ऑफ बुक्स अधिनियम १९५४ नुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांत पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर असे कोणतेही बंधन नाही. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, नेवासे या तालुक्यांतील महाविद्यालयांनी परिसरातील प्रकाशनसंस्थांची पुस्तके पहिल्या आवृत्तीपासून एका कपाटात संग्रहित करावयाचे ठरविले, तर त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज पडणार नाही. मार्चअखेरच्या खरेदीत दरवर्षी वीस-पंचवीस पुस्तकांची तरतूद केली तरी हे काम सुरू होऊ शकते.